हाक मारायचा परवाना

(देवगड येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



डिसेंबर 2017च्या पहिल्या आठवड्याची या बंदरातल्या माणसांना मी आठवण करून द्यायची गरज नाही. ओखी वादळ अरबी समुद्रात घोंघावत होतं आणि देवगडच्या खाडीत अनोळखी नौका शिरत होत्या. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलेला आकडा होता 68 नौका आणि 952 मच्छीमार. त्यांतल्या 66 नौका केरळच्या आणि दोन तमिळनाडूच्या. ही माणसं इथं सुखरूप पोचली होती, पण दक्षिणेकडच्या त्यांच्या गावांत आयाबाया किनाऱ्यावर बसून होत्या. माणूस जिवंत आहे की नाही, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. वादळाचा इशारा निघाला तोवर या नौका खोल समुद्रात गेलेल्या होत्या. मोबाइलचं नेटवर्क किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपतं आणि व्हीएचएफ वायरलेसची हाक वीस-पंचवीस नॉटिकल मैलांपुढं फारशी पोचत नाही. त्या वादळात शेकडो मच्छीमार बुडाले किंवा बेपत्ता झाले. त्यांतल्या किती जणांना चार शब्दांच्या निरोपानं वाचवता आलं असतं, हे कोणी मोजू शकत नाही.

आज मला त्या चार शब्दांविषयी बोलायचं आहे. आकाशातल्या उपग्रहामार्फत ते पाठवण्याची सोय जगात पंचवीस वर्षांहून जास्त काळ आहे. आपल्याकडं ती सामान्य माणसाच्या हाती का आली नाही, दार कोणी आणि कशासाठी लावून ठेवलं, आणि ते थोडं उघडायचं तर कसं, एवढाच माझा विषय.

ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते कुठलंही मत ऐकण्याआधी ‘ती वस्तू चालते कशी, ते सांग’ म्हणत. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

उपग्रहामार्फत निरोप पाठवण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एकीत उपग्रह आरशासारखा असतो. तुमच्या हातातल्या यंत्राचा संदेश तो घेतो आणि आपल्या नजरेच्या टप्प्यातल्या जमिनीवरच्या केंद्राकडं परतवतो. या केंद्राला गेटवे म्हणतात. जवळपास गेटवे नसेल, तर डोक्यावर उपग्रह असूनही तुमची हाक कोणी ऐकत नाही. ग्लोबलस्टार ही अमेरिकी कंपनी अशा पद्धतीनं चालते. दुसऱ्या तऱ्हेत उपग्रह एकमेकांशी बोलतात. इरिडियमचे 66 उपग्रह सुमारे 780 किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. एकानं उचललेला संदेश दुसऱ्याकडं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं असं करत तो थेट अमेरिकेतल्या ॲरिझोनात जमिनीवर उतरू शकतो. म्हणजे हिमालयातून पाठवलेला निरोप भारताच्या भूमीला न शिवता जगात कुठंही जाऊ शकतो. गिर्यारोहकाला याचं अप्रूप वाटतं आणि नेमकी हीच गोष्ट गृहखात्याला अस्वस्थ करते. पुढचं सगळं भांडण या एका मुद्द्याभोवती आहे: संदेश जमिनीवर उतरतो कुठं?

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. असा निरोप साधारण 160 अक्षरांचा असतो. त्याला मोठी अँटेना लागत नाही, फारशी वीज लागत नाही आणि उपग्रहाची क्षमता तो नगण्य खातो. तळहातात मावणारं यंत्र तो पाठवू शकतं. घराच्या छपरावर तबकडी बसवून सिनेमा बघणं हा वेगळाच व्यवहार आहे. कायद्याला मात्र हा फरक फार उशिरा दिसू लागला.

उपग्रह दळणवळणाच्या या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि त्याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही. पुणे जिल्ह्यातल्या आर्वीला, नारायणगावच्या बाजूला, 1970च्या दशकाच्या आरंभी देशातलं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं. त्याला विक्रम साराभाईंचं नाव आहे. पुढं इन्मारसॅट या जहाजांच्या उपग्रह सेवेचं भारतातलं भूकेंद्रही आर्वीलाच होतं. हिंदी महासागरातल्या जहाजांना सुरक्षिततेचे इशारे तिथून जात. इन्मारसॅट 1979मध्ये अनेक देशांनी मिळून उभारलेली संस्था होती आणि भारत तिचा सभासद होता. म्हणूनच परदेशी उपग्रह असूनही तिला आपल्याकडं मान मिळाला. तिचा संदेश आपल्या भूमीवर, आपल्या देखरेखीखाली उतरत होता.

इरिडियमची गोष्ट याहून चटका लावणारी आहे. मोटोरोलाच्या कल्पनेतून निघालेल्या या प्रकल्पात भारतीय वित्तसंस्थांनीही पैसे घातले आणि दक्षिण आशियासाठीचा गेटवे पुण्यात उभा राहिला. नोव्हेंबर 1998ला सेवा सुरू झाली आणि ऑगस्ट 1999ला कंपनी दिवाळखोरीत गेली. अब्जावधी डॉलर ओतून आकाशात सोडलेले उपग्रह नव्या मालकांनी अडीच कोटी डॉलरच्या आसपास विकत घेतले. भारतीय कंपनीनं मोटोरोलाविरुद्ध फसवणुकीची फिर्याद पुण्याजवळच्या खडकी न्यायालयात दाखल केली. उच्च न्यायालयानं ती रद्द केली, पण 2010मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला. कंपनीवरही हेतू गृहीत धरणाऱ्या गुन्ह्याचा खटला चालू शकतो, हे भारतीय कायद्यातलं महत्त्वाचं तत्त्व त्या निकालानं पक्कं केलं. कायद्याचे विद्यार्थी तो निकाल अजून वाचतात. मला मात्र त्यातली दुसरी बाजू खुपते. तो गेटवे चालू राहिला असता, तर हिमालयातून अमेरिकेत उतरणारा संदेश पुण्यात उतरला असता. सरकारला हवी ती देखरेख करता आली असती आणि अशा यंत्रांवरच्या बंदीला कारणच उरलं नसतं. बाजारात एक कंपनी कोसळली आणि तिच्याबरोबर आपला एक दरवाजाही कायमचा बंद झाला.

आता कायदा. 1885चा भारतीय तार कायदा म्हणतो की तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारचा. इतरांना तो परवान्यानंच मिळेल. 1933च्या बिनतारी कायद्यानं त्यापुढं जाऊन यंत्र नुसतं जवळ बाळगण्यालाही परवाना घातला. परकीय सत्तेला आपल्या प्रजेच्या हाती यंत्र नको होतं, हे समजण्यासारखं आहे. 14 जुलै 2013ला या देशात शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या, तरी तार कायदा आणखी दहा वर्षं टिकला. 2023च्या दूरसंचार कायद्यानं दोन्ही जुने कायदे बाजूला सारायला घेतले. पण रेडिओ उपकरण बाळगायला सरकारची अनुमती लागते, हे तत्त्व त्यातही कायम आहे.

इथं कोणीही विचारेल, आणि विचारायलाच हवं: मुंबईवरच्या 2008च्या हल्ल्याचं काय? हल्लेखोर याच अरबी समुद्रातून आले. त्यांनी ‘कुबेर’ ही मासेमारीची नौका बळकावली, तिच्या तांडेलाला मारलं आणि त्या नौकेवर नंतर उपग्रह फोन सापडला. समुद्राकाठी राहणाऱ्या कोणाही माणसानं ही गोष्ट हलक्यानं घेऊ नये. मी घेत नाही. त्यानंतर जहाजांवरच्या थुराया आणि इरिडियम फोनांवर कडक निर्बंध आले. त्यामागची भीती खरी होती.

पण नीट पाहू या. विनापरवाना उपग्रह फोन 2008च्या आधीही बेकायदाच होता. मारायला निघालेला माणूस परवान्याचा अर्ज करत नाही आणि नियमाला भीतही नाही. उलट तो फोन तपासात पुरावा म्हणून कामी आला. बंदीनं खरोखर कोणाला अडवलं, याचं उत्तर विमानतळावर मिळतं. डिसेंबर 2024मध्ये गोव्यातल्या दाबोळीला एका परदेशी महिला धावपटूच्या सामानात गार्मिनचं इनरीच हे उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र सापडलं आणि तिला पोलिसांच्या हवाली केलं गेलं. डोंगरात एकट्यानं धावणारी माणसं जीव धोक्यात आला तर मदत मागता यावी म्हणून ते जवळ ठेवतात. तिच्या देशात ते खेळाच्या दुकानात मिळतं. अशा घटना हिमालयाच्या वाटेवरच्या विमानतळांवरही घडल्या आहेत. परदेशी सरकारं आपल्या नागरिकांना भारतात जाताना हे यंत्र नेऊ नका, असं बजावतात. नियम पाळायची इच्छा असलेला, पण नियम माहीत नसलेला माणूस या जाळ्यात सापडतो. ज्याच्यासाठी जाळं टाकलं, तो त्याच्या खालून निघून जातो.

असं यंत्र जवळ नसलं की काय होतं, तेही पाहा. जून 2024च्या आरंभी उत्तरकाशीतल्या सहस्रतालच्या वाटेवर 22 जणांचं ट्रेकिंग पथक, त्यांतले बहुतेक कर्नाटकातले, हिमवादळात अडकलं आणि त्यांतले 9 जण दगावले. मोबाइलला नेटवर्क मिळेल इतकं खाली कोणी उतरेपर्यंत वरची बातमी बाहेर पडू शकली नाही. माझी सगळी तळमळ अशा तासांसाठी आहे. वर माणसं गारठत असतात, हेलिकॉप्टर खाली उभं असतं आणि त्या दोघांमध्ये एका निरोपाचं अंतर असतं.

आता स्पर्धेचा प्रश्न. तोही परवान्याच्या याच कायद्यातून जन्मतो. भारतात उपग्रहावरून फोन किंवा संदेश सेवा द्यायची तर जीएमपीसीएस नावाचा परवाना लागत आला आहे. वनवेबला तो 2021मध्ये, जिओच्या उपग्रह कंपनीला 2022मध्ये आणि स्टारलिंकला जून 2025मध्ये मिळाला. ही तिन्ही नावं पाहा. तिघांमागं प्रचंड भांडवल आहे. भारतात गेटवे उभारणं, सुरक्षा यंत्रणांना संदेश तपासता येतील अशी व्यवस्था करणं आणि वर्षानुवर्षं मंजुरीची वाट पाहणं हा खर्च ब्रॉडबँड विकणाऱ्याला परवडतो, कारण त्याचे ग्राहक दरमहा हजारो रुपये देणार असतात. महिन्याला पाच-दहा निरोप आणि वर्षातून एखादी संकटाची हाक विकणारी छोटी कंपनी हा खर्च कुठून काढणार? दोघांना उंबरठा एकाच उंचीचा आहे. आडदांड माणूस तो ओलांडतो, छोटा माणूस अडखळतो. परिणाम असा की आकाशातून सिनेमा पाहायची सोय आपल्याकडं संकटाच्या निरोपाआधी येऊ पाहते आहे.

उपग्रहांच्या लहरी लिलावानं द्याव्यात की प्रशासकीय वाटपानं, यावर 2024मध्ये मोठ्या उद्योगपतींमध्ये जाहीर जुगलबंदी झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2012च्या टूजी निकालानं लिलावाविना दिलेले 122 मोबाइल परवाने रद्द झाले होते, त्यामुळं लिलावाचा आग्रह धरणाऱ्यांकडं युक्तिवाद होता. सरकारनं नव्या कायद्याच्या आधारे प्रशासकीय वाटप निवडलं. पुढं मार्च 2025मध्ये एअरटेल आणि जिओ दोघांनीही स्टारलिंकच्या मालक कंपनीशी करार केले. मे 2025मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, लहरींसाठी महसुलाच्या 4 टक्के आकाराची शिफारस केली. आपल्या विषयाला यातून एकच धागा घ्यायचा आहे. महसुलाच्या प्रमाणातला आकार छोट्या सेवेला मारत नाही, कारण कमाई थोडी तर आकारही थोडा. छोट्याला मारतो तो पहिल्याच दिवशी करावा लागणारा ठोक खर्च.

आणि या अडचणीवर उपाय कोणाला सुचलेला नाही, असंही नाही. ट्रायनंच ऑगस्ट 2021मध्ये कमी वेगाच्या उपग्रह सेवांसाठी, म्हणजे यंत्रांचे छोटे संदेश, नौकांचा माग अशा कामांसाठी, स्वतंत्रपणे शिफारशी केल्या. नोव्हेंबर 2022मध्ये गेटवेसाठी वेगळा परवाना सुचवला. गेटवे एकानं उभारावा आणि त्यावरून अनेकांनी सेवा द्यावी, अशी ती कल्पना. देवगडात ती समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. प्रत्येक नौकावाला आपापली जेट्टी बांधत नाही. जेट्टी सगळ्यांची, बर्फ आणि डिझेल तिथंच मिळतं, मोजमाप आणि नोंदही तिथंच होते. सरकारला कोण आलं आणि कोण गेलं हे पाहायचं, तर ते एका ठिकाणी उभं राहून पाहू शकतं. गेटवेची अशी जेट्टी बांधली, तर सुरक्षेची गरज भागते आणि छोट्या नौकेलाही समुद्रात उतरता येतं.

पर्याय आला की काय होतं, याचं उदाहरण जहाजांच्या जगात आहे. मोठ्या जहाजांसाठीची जागतिक संकट-संदेश व्यवस्था 1 फेब्रुवारी 1999पासून पूर्णपणे लागू झाली. तिच्यात पुढची जवळजवळ दोन दशकं उपग्रह दळणवळण सेवा म्हणून एकट्या इन्मारसॅटला मान्यता होती. तिचे उपग्रह विषुववृत्तावर 36,000 किलोमीटर उंचीवर स्थिर असल्यामुळं ध्रुवांकडचा भाग त्यांच्या नजरेबाहेर राही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं मे 2018मध्ये इरिडियमला मान्यता दिली आणि डिसेंबर 2020ला तिची सेवा सुरू झाली. त्याबरोबर ध्रुवांपर्यंतचा समुद्र व्यवस्थेत आला. नोव्हेंबर 2022मध्ये चीनच्या बैदूच्या संदेश सेवेलाही मान्यता मिळाली. स्पर्धेमुळं भाव उतरतात हे आपण नेहमी ऐकतो. इथं स्पर्धेनं नकाशावरचा आंधळा भागही भरून काढला.

मोबाइलच्या दुनियेतही हेच चाललं आहे. नोव्हेंबर 2022मध्ये आयफोनवरून अमेरिका आणि कॅनडात उपग्रहाद्वारे संकट-संदेश पाठवता येऊ लागला. त्याआधी सप्टेंबरात चीनच्या ह्वावेनं तशीच सोय आपल्या फोनात आणली होती. हे यंत्र वेगळं घ्यावं लागत नाही, रोजच्या फोनातच ते असतं. तेव्हा बाळगण्यावरच्या बंदीचा अर्थ काय उरणार आहे, याचा विचार सरकारलाही लवकर करावा लागेल. बीएसएनएल आणि वायासॅट या उपग्रह कंपनीनं ऑक्टोबर 2024मध्ये दिल्लीत फोनवरून उपग्रहामार्फत दुहेरी संदेशाचं प्रात्यक्षिक दाखवलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

मच्छीमारांकडं परत येतो. ओखीनंतर सरकार स्वस्थ बसलं नाही, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. 2019मध्ये जेमिनी नावाचं उपकरण आलं. ते वादळाचे इशारे नौकेपर्यंत पोचवतं, पण नौकेवरून उत्तर जात नाही. ऐकायला येतं, बोलता येत नाही. इस्रोच्या संकट-संदेश यंत्राची दुसरी पिढी आली, तेव्हा ‘तुमची हाक पोचली, मदत निघाली आहे’ असा उलट निरोपही खलाशाला मिळू लागला. उसळत्या लाटांत, अंधारात अशा एका ओळीनं माणसाला किती धीर येतो, हे तुम्ही मला सांगायला हवं. आणि 30 ऑगस्ट 2024ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मोठी योजना सुरू झाली: किनारी राज्यांतल्या 1 लाख नौकांवर ट्रान्सपाँडर, एकूण तरतूद 364 कोटी रुपये, मच्छीमाराला ते विनामूल्य. हिशेब केला तर नौकेमागं 36,400 रुपये पडतात. दुहेरी निरोप, संकटाची कळ, सीमेजवळ गेल्याची सूचना, मासळी कुठं मिळेल याची माहिती हे सगळं त्यात आहे.

या योजनेचं मी स्वागत करतो. तरीही दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही. पहिली अशी की, नौकेचा जीव एकाच पुरवठादाराच्या एकाच पेटीवर सोपवू नये. सरकारी यंत्र असावंच, पण ज्याला स्वतःच्या पैशानं दुसरं घ्यायचं आहे, त्यालाही कायदेशीर वाट असावी. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. जी पेटी हाक पोचवते, तीच पेटी माग काढते. मासळी कुठं लागते हे तांडेल सख्ख्या भावालाही सांगत नाही. पर्ससीन जाळीवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांचा झगडा या किनाऱ्याला नवा नाही. बेकायदा मासेमारी पकडायला हा माग उपयोगी पडेल आणि पडावाही, पण तो कोण पाहणार, किती काळ जपून ठेवणार आणि व्यापाऱ्यांच्या हाती जाणार नाही याची हमी कोण देणार, हे लेखी ठरायला हवं. विश्वास नसेल तर माणूस यंत्र बंद करून ठेवतो, आणि मग वादळाच्या रात्रीही ते बंदच असतं.

उपग्रहाचा माग विश्वासानं कसा वापरता येतो, याचा एक दाखला कोकणातच आहे. जानेवारी 2022मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले मादी कासवाच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवला गेला. तिचं नाव ठेवलं प्रथमा. मागून आंजर्ल्याची सावनी आली, गुहागरच्या रेवा, लक्ष्मी आणि वनश्री आल्या. श्वास घ्यायला त्या पाण्यावर आल्या की ट्रान्समीटर उपग्रहाला खूण देई. काही महिने आपण सगळे त्यांच्या वाटा नकाशावर पाहत होतो. यंत्र कोणतं, कोणाच्या नावावर, कशासाठी आणि माहिती कोण वाचणार, हे सगळं आधीच स्पष्ट होतं, म्हणून कोणाला भीती वाटली नाही. माणसासाठीही एवढंच करायचं आहे. यंत्र विकताना त्याचा क्रमांक आणि मालकाचं ओळखपत्र नोंदवावं. परदेशी पाहुण्यानं विमानतळावर यंत्र जाहीर केलं, तर त्याची नोंद करून तात्पुरती अनुमती द्यावी किंवा यंत्र जमा करून पावती द्यावी. ते न जाहीर करणाऱ्यावर कारवाई जरूर करावी. छोट्या संदेशांच्या सेवेला हलका परवाना असावा, आणि संकटाच्या हाकेला परवान्याची अटच नसावी.

या शेवटच्या मागणीवर मी अडून आहे, त्याचं कारण कोस्पास-सारसॅट. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्स यांनी सोव्हिएत संघाबरोबर मिळून संकटाची हाक ऐकणारी उपग्रह व्यवस्था उभी केली. एकमेकांवर अण्वस्त्रं रोखलेली राष्ट्रं होती ती. सप्टेंबर 1982मध्ये सोव्हिएत उपग्रहानं कॅनडात कोसळलेल्या छोट्या विमानाची खूण पकडली आणि तिघांचे जीव वाचले. त्या व्यवस्थेत हाक मारणाऱ्याला पैसे पडत नाहीत आणि तो कुठल्या देशाचा हे कोणी विचारत नाही. भारतही तिच्यात आहे, आपलं नियंत्रण केंद्र बंगळुरूला आहे. संशयाच्या सर्वांत कडक काळात जे जमलं, ते आपल्याच नागरिकांच्या बाबतीत आपल्याला न जमण्याचं कारण मला दिसत नाही.

हे घडवण्याची एक वाट खुली आहे. ट्राय कुठलाही नियम सुचवण्याआधी सल्लामसलतीसाठी टिपण प्रसिद्ध करते आणि त्यावर कोणीही लेखी मत पाठवू शकतो. मोठ्या कंपन्यांची शंभर-शंभर पानी मतं तिथं जातात. मच्छीमार सोसायट्यांची मतं तिथं दिसायला हवीत. बाहेर दाराजवळच्या टेबलावर मी एक पानाचं टिपण ठेवलं आहे, मराठीत आणि इंग्रजीत. ते वाचा. समुद्रावरचं तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं, तेव्हा जिथं चुकलं असेल तिथं खोडा, राहिलं असेल ते समासात लिहा आणि सह्या करा. उद्या दुपारपर्यंत मी इथंच आहे.